उजव्या बाजूचा स्पीकर

ता. कुडाळ,
६ ऑक्टोबर २००६

प्रिय सिडनी,

कुशाबा सापडला. पंचवीस वर्षं होत आली, तो फितूर आहे हा संशय मी तुझ्याशिवाय कुणाजवळ बोललो नाही आणि तू दर वेळी मला उडवून लावलंस, "दत्तू, पुरावा काय?" आता पुरावा माझ्या घरात टीव्हीखाली आहे.

झालं असं. लालबागच्या आपल्या कमिटीचं पाकीट आलं. येत्या अठरा जानेवारीला गिरणी संपाला पंचवीस वर्षं होतात, त्याचा कार्यक्रम ठेवलाय. जुन्या कामगारांनी दोन शब्द बोलायचे, त्यात माझंही नाव घातलंय. सोबत एक डिस्क होती. ब्याऐंशी साली कॉलेजची पोरं कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर घेऊन गेटावर फिरायची, आठवतं ना? त्यांनी काढलेली ती फिल्म. कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत, पण बोलणाऱ्यांनी आधी बघून घ्यावी म्हणून पाठवली.

आमच्या उल्हासने मस्कतहून होम थिएटर आणून दिलंय. पाच स्पीकर आणि एक ढम्म वाजणारा डबा. बापाला ऐकू येत नाही म्हणून पाच स्पीकर आणणारा मुलगा माझ्याच पोटी यायचा होता. माझे कान तुला माहीत आहेत. मिलच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटात जन्म गेला, ढोल वाजला तर कळतो, शब्द कळत नाहीत. फोन तर कानाला लावणंच सोडलंय. म्हणून तुला या वयात पत्रं वाचावी लागतात.

तर फिल्ममध्ये गेटासमोरचा चहावाला दिसतो आणि त्याच्या बाकड्याशी कुशाबा. पलीकडे कुणीतरी उभं आहे, ते चित्रात नाही. नुसती रस्त्यावर सावली पडलीय आणि सावलीच्या डोक्यावर रुंद टोपी आहे. फौजदार असणार नाहीतर मिलचा कुणी साहेब. आणि कुशाबा एकेक बोट दुमडत त्याला नावं सांगतोय. दत्ताराम. लवू. गंगाधर. धर्मा. मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. शेकडो साचे धडधडत असताना आम्ही नुसत्या ओठांवर अख्खी पाळी गप्पा मारायचो, सिडनी. कुशाबाचे ओठ तर मला तोंडपाठ. बदली कामगार म्हणून लागलो तेव्हापासून शेजारच्या साच्यावर तो होता आणि खानावळीत आम्ही एका ताटात जेवायचो.

फिल्मवर तारीख आहे, त्याच आठवड्यात पहाटे पोलीस येऊन मला, लवूला आणि गंगाधरला घेऊन गेले होते. सुटून आल्यावर मी कुशाबाशी एक शब्द बोललो नाही. पण विनापुरावा चारचौघांत कुणाचं नावही घेतलं नाही. आता घेणार. अठरा तारखेला स्टेजवरून, त्याच्या तोंडावर. तो येणार आहे ना, तेवढं कमिटीला विचारून कळव.

इथे गावडे गुरुजी आणि शेजारपाजारचे बघायला आले होते. त्यांनीही कुशाबा नावं घेतो ते कानांनी ऐकलं. उजवीकडचा स्पीकर वाजत नाही आणि मागचे दोनही गप्प आहेत, असं गुरुजी म्हणाले. मला त्याचं सोयरसुतक नाही.

तुझा,
दत्ताराम परब


दादर,
१६ ऑक्टोबर २००६

दत्तू,

पत्र वाचलं. आमच्या डोरिसला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा माणूस सावलीची टोपी ओळखतो, मग सावलीचं आडनाव का नाही ओळखलं?

हसू नकोस म्हणत नाही, पण आधी ऐक. मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात आणि मग दादरच्या दुकानात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात माझे केस गेले. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, "पिक्चर ट्यूब गेली." उघडून बघावं तर प्लग सैल. जो रोग आहे असं गिऱ्हाइकाला पक्कं वाटतं, तो बहुतेक नसतोच. तुझंही तसंच असेल असा मला वास येतोय.

एक साधी गोष्ट. कुशाबाने चार नावं घेतली म्हणतोस. पोलिसांनी तिघांना उचललं. धर्माला कुणी हात लावला नाही, तो तर आठवडाभर गेटावरच बसून होता. फितुराची यादी पोलीस अर्धी वाचतात का रे?

आणि स्पीकरचं सोयरसुतक ठेव. डिस्क जुन्या टेपवरून केलेली, तिच्यात दोनच आवाज असणार, डावा आणि उजवा. मागचे दोन आणि मधला गप्प असतील तर तो दोष नाही, त्यांना बोलायला काही दिलेलंच नाही. पण पुढचा उजवा गप्प असेल तर अर्धं बोलणं तुमच्यापर्यंत आलेलंच नाही.

रिमोटवर टेस्टचं बटण असेल. ते दाबलं की एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने खरखर येते. शांतीवहिनीला मध्ये बसव. जो वाजेल तिकडे तिने बोट करायचं. मग डाव्याची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला लावून बघ. दोष स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकर मेला. जागेवरच राहिला तर डब्यात बिघाड.

कमिटीने हॉलचं साउंड माझ्यावरच टाकलंय, तेव्हा डिस्क मलाही मिळेल. मिळाली की बघतो. तोवर तोंडाला कुलूप लाव.

तुझा,
सिडनी


ता. कुडाळ,
२ नोव्हेंबर २००६

प्रिय सिडनी,

दिवाळी झाली. तुझ्या टेस्टची गंमत सांगतो आणि ही गंमत मला काही बरी वाटत नाही.

शांतीला मध्ये बसवली. बटण दाबलं. तिने एकेक करून पाचही स्पीकरकडे बोट केलं. "सगळे बोलतत. खयचो गप आसा?" म्हणाली. मग गुरुजींना काय स्वप्न पडलं होतं? मला राहवेना. मी उठून एकेका स्पीकरवर तळवा ठेवला. साचा नीट चाललाय की नाही ते आम्ही हातानेच ओळखायचो. डावा थरथरत होता, मधला, मागचे दोन थरथरत होते. उजवा थंड होता. तिने मात्र त्याच्याकडे बोट केलं होतं!

आधी वाटलं, हिचेही कान गेले की काय. पण मागल्या दारी मांजर पातेल्याला लागलं की हिला माजघरात कळतं.

डबा पुढे ओढून पाहिला. मागे लाल-काळ्या चिमट्यांत वायरी धरलेल्या असतात. उजव्याच्या दोन्ही वायरी बाहेर लोंबत होत्या. लावल्या. हात ठेवला, थरथरला. झालं म्हटलं. चार दिवसांनी गुरुजींना पुन्हा बोलावलं, नीट ऐका म्हटलं. गुरुजी म्हणाले, उजवीकडून अजून काही नाही. मागे बघतो तर वायरी पुन्हा बाहेर!

आता सांग, हे कुणाचं काम? उंदीर म्हणावा तर वायर कुठे कुरतडलेली नाही. पलीकडच्या वाडीतला केबलवाला उल्हासवर जळतो, पण तो घरात आलेला नाही. कुशाबाची पुतणी कणकवलीला दिलीय, तिचं माणूस येऊन गेलं असेल का, असंही मनात आलं. हसशील तर हस.

शांतीचं वागणंही मला कळत नाही. अठरा तारखेला मुंबईला जायचं नाही म्हणते. एकदा गुडघा दुखतो म्हणते, एकदा थंडी असते म्हणते. लालबागला थंडी! मी कुशाबाचं नाव काढलं की तिला परसात काहीतरी आठवतं. कुशाबाची बायको असताना या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या, ती माया अजून आहे वाटतं. माझ्या घरात माझ्याविरुद्ध कोण आहे तेच मला कळेनासं झालंय.

तुला डिस्क मिळाली का? कुशाबा येणार की नाही, त्याचं उत्तर तू टाळलंस. तेही माझ्या लक्षात आलंय.

दत्ताराम


दादर,
२० नोव्हेंबर २००६

दत्तू,

डिस्क मिळाली. हेडफोन लावून ऐकली, दोन्ही कानांनी. आता जे लिहितो ते शांतपणे वाच आणि वाचताना भिंतीवर डोकं आपटू नकोस.

त्या पोरांकडे दोन माइक होते. एक कुशाबाच्या बाजूला धरलेला, दुसरा समोरच्या माणसाच्या. कुशाबाचं बोलणं डाव्या स्पीकरमधून येतं. त्याला जो विचारतोय त्याचं बोलणं सगळं उजव्यातून. तू, गुरुजी आणि तुझी वाडी, सगळ्यांनी नुसती उत्तरं ऐकलीत. प्रश्न कुणी ऐकलाच नाही. कुणी कुणाला "बारशाला कोणाकोणाला बोलावू?" असं विचारलं तरी चार नावं सांगावी लागतात ना?

प्रश्न काय आहे ते मी सांगणार नाही. माझ्या घरातली गोष्ट नाही ती. वायर लाव, ती लागलेली आहे ना हे हात ठेवून बघ आणि तेव्हाच, तिथल्या तिथे, ज्याला कान आहेत अशा कुणाला तरी शेजारी बसव. एवढंच कर.

मी लालबागला जाऊन कुशाबालाही भेटून आलो. चाळ पाडायचं चाललंय, निम्म्या खोल्या रिकाम्या, हा मात्र गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला. फिल्ममध्ये तू आहेस, चहावाल्याच्या बाकड्याशी, नावं सांगतोयस, एवढं बोललो. गडी खुर्चीतून पुढे वाकला. मग म्हणाला, "तेवढं काप, सिडनी. दत्तूला ते बघवणार नाही." त्यापुढे ताकास तूर लागू देईना. कार्यक्रमाला येणार आहे. सून, नातवंडं सगळी येणार आहेत.

आपण तिघं कामाला लागलो तेव्हा पोरं होतो रे. म्हातारपणी असलं काही करू नकोस की मला दोघांपैकी एकाकडेच जाता येईल.

सिडनी


ता. कुडाळ,
४ डिसेंबर २००६

सिडनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कुशाबा म्हणतो, "तेवढं काप." हे तूच लिहिलंस, माझ्या हातात आहे. निर्दोष माणूस काप म्हणेल की सगळ्यांना दाखव म्हणेल? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आणि तू. तुला काय ऐकू आलं ते मला सांगत नाहीस. धर्माचं काढतोस, बारशाचं काढतोस. आधी वाटलं, मेकॅनिक आहे, याला स्पीकरचीच पडलीय. आता कळलं की तू मला नादी लावून जानेवारी काढणार आहेस. त्याच्याकडे जाऊन चहा प्यालास आणि त्याचा झालास. हॉलचं साउंड तुझ्या हातात म्हणजे तो तुकडा तू कापणारच. काप. मी माझ्या तोंडाने सांगेन, ते कसं कापशील?

वायर मी लावली नाही आणि लावणार नाही. कुशाबाने माझं नाव घेतलं, मी डोळ्यांनी बघितलं, विषय संपला.

संपात माणसं कळली. एकीकडे हा. दुसरीकडे माझा मेहुणा चंदू. मी गेटावर उपाशी बसलेला, घरात दोन पोरं, आणि चंदूने गावाहून एसटीने तांदूळ आणि सुकी मासळी धाडली, एकदा नाही, महिनोन्‌महिने. शांती सांगायची, भावाकडून आलं. त्या माणसाने कधी तोंडाने उच्चार केला नाही. आजही तो गणपतीला आला की पहिला पाट त्याचा असतो आणि मरेपर्यंत राहील. याला नातं म्हणतात. एका ताटात जेवून नातं होत नाही.

अठरा तारखेला समोर बसून ऐक. आता पत्र पाठवू नकोस.

दत्ताराम परब


दादर,
१२ डिसेंबर २००६

शांतीवहिनीस,

नाताळच्या गोड नेवऱ्या आणि कुलकुल डोरिसने तुमच्या नावाने पाठवल्यात. हे पत्र खालच्या कागदाखाली ठेवलंय, कारण दत्तूने मला लिहायला बंदी केलीय आणि गोडाचा डबा तो आपणहून उघडत नाही हे मला माहीत आहे.

वहिनी, उंदीर वायर कुरतडतो. चिमटा दाबून दोन्ही वायरी साफ बाहेर काढत नाही. तेही दोनदा, आणि पाचांतल्या त्याच एका स्पीकरच्या. आणि खरखर येत नव्हती तिकडे तुम्ही बोट केलंत. पाकीट आलं तेव्हा दत्तू घरी नसणार. डिस्क तुम्ही आधी ऐकलीत, हो ना? शेजारी ऐकतील आणि त्याच्या कानात ओरडून सांगतील, ही भीती. मला राग नाही आला. मीही कदाचित तेच केलं असतं.

मी काय ऐकलं ते लिहितो, म्हणजे आपल्यात लपवाछपवी नको. आवाज मंजुळाचा आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सुकी मासळी घेऊन तुमच्या चाळीत यायची ती. डोक्यावर पाटी, तीच दत्तूची फौजदारी टोपी! ती विचारते, "कोनाचे घरान चूल नाय पेटत, त्यांची नावां सांग मना. माझी गिऱ्हाइका लाजून दारा लावून घेतान." कुशाबा नावं सांगतो. पहिलं दत्तूचं. मग ती म्हणते, "शांती बोलली, दादल्याला कलू देऊ नको. तो फेकून देल." कुशाबा म्हणतो, "माझ्याकडून नाही कळणार." बस्स, एवढंच आहे.

दत्तू मात्र पत्रात चंदूला ओवाळतोय.

आता अडचण ऐका. कार्यक्रमात आधी भाषणं आहेत, मग फिल्म. दत्तू भरल्या हॉलमध्ये कुशाबाला फितूर म्हणेल. त्याची सून, नातवंडं समोर बसलेली असतील. त्यानंतर अर्ध्या तासात फिल्म लागेल आणि माझ्या मशीनचे दोन्ही स्पीकर चालू असतील. मग तुमच्या नवऱ्याने कुठे बघायचं? आणि मी तो तुकडा कापला तर कुशाबा कायमचा फितूर राहील. मला दोन्ही नको आहे.

मी दत्तूला सांगितलं तर ती चुगली होईल. तुम्ही सांगितलंत तर तुमच्या घरची गोष्ट घरात राहील. तुम्हाला काय सोसावं लागेल ते मला कळतं. पण कुशाबाने दिलेला शब्द आजवर पाळलाय, वहिनी.

नेवऱ्या लवकर संपवा, खोबरं ओलं आहे.

तुमचा,
सिडनी


ता. कुडाळ,
३० डिसेंबर २००६

प्रिय सिडनी,

मी पत्र पाठवू नकोस म्हटलं आणि तू नेवऱ्यांखालून पाठवलंस. बरं केलंस. तुझं ते पत्र शांतीने मला काल दिलं, सगळं होऊन गेल्यावर.

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि हिने स्वतः गावडे गुरुजींना आणि शेजारच्या चौघांना बोलावून आणलं. मला वाटलं, सत्यनारायणाचं काही ठरवतायत. ही सरळ टीव्हीपाशी गेली, डबा पुढे ओढला, मागे हात घालून चिमटा दाबला आणि वायरी लावल्या. अंधारात दिवा लावावा इतक्या सवयीने! मी बघतच राहिलो. केबलवाला, कुशाबाची पुतणी, सगळ्या जगावर मी संशय घेऊन बसलो होतो आणि चोर माझ्या पानात भात वाढत होता.

मग तिने डिस्क लावली. मी नेहमीसारखा कुशाबाच्या ओठांकडे बघत होतो. दत्ताराम, लवू, गंगाधर, धर्मा. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बाकी कुणी टीव्हीकडे बघतच नाहीये. गुरुजी मान खाली घालून बसले होते आणि बायका शांतीकडे बघत होत्या. मी पण तिच्याकडे बघितलं.

तिने मला ओठांनी सांगितलं, सिडनी. आवाज न काढता. लालबागच्या खोलीत मुलं झोपलेली असताना मी तिला ते शिकवलं होतं. गावी आल्यापासून आम्ही तसं बोललो नव्हतो. मंजुळा कोण, ती काय विचारते, मासळी आणि तांदूळ कुठून यायचे, मी गेटावर गेलो की मोरीच्या बाजूने कोण ठेवून जायचं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही टाकून दिला असतात. पोरांच्या देखत टाकला असतात, आणि पोरां बघत रवली असती."

मी टाकून दिलं असतं. खोटं कशाला बोलू? कुणाचं फुकटचं खायचं नाही, ही त्या वेळी माझी एकच मिजास उरली होती आणि ती राखायचं काम ही बाई आणि कुशाबा दोघं मिळून करत होते. मी त्या मासळीवर हात मारून जेवायचो आणि जेवताना कुशाबाला शिव्या द्यायचो. मला लाज वाटते. रडलोही. गुरुजींसमोर रडलो.

हिचा रागही आला, ते लपवत नाही. वायर काढली तेव्हा कुशाबावर आळ येतोय हे हिला दिसत होतं. मी तसं बोललो. ती म्हणाली, "दिसत होतां. म्हणान झोप नाय."

चंदूला काल निरोप धाडून बोलावलं. म्हटलं, अरे, तू संपात आम्हाला तांदूळ पाठवलेस का? तर म्हणाला, नाही. मग एवढी वर्षं गणपतीला पहिल्या पाटावर कसा बसलास? म्हणाला, "भावजी, तुम्ही बसवलात म्हणून बसलो. मी म्हटलं, मुंबैकडची पद्धत आसतली." मला हसूच आलं. जवळजवळ महिनाभरानंतर हसलो.

आता अठरा तारखेचं. कुशाबा म्हणतो काप. त्याने माझं झाकण्यासाठी म्हटलं, ते आता कळलं. तू कापू नकोस. दोन्ही स्पीकर लाव आणि जेवढा मोठा करता येईल तेवढा आवाज कर. लवूला, गंगाधरलाही कळू दे, त्यांच्या घरी काय यायचं आणि कुणामुळे यायचं. मंजुळा असेल तर तिलाही बोलावून आण, नसेल तर तिच्या घरचं कुणी. भाषणात मी माझ्या घरची चूल पेटत नव्हती हे सांगणार आहे. मला ते फार जड जाईल, पण सांगणार. शांतीही येतेय. गुडघा बरा आहे तिचा.

एक काम कर. हॉलमध्ये भेटायच्या आधी मला कुशाबाच्या घरी जायचंय. तू आधी जा आणि मी त्याला इतकी वर्षं काय समजत होतो ते त्याला सांग. मला ते त्याला लिहिता येत नाही, दोन कागद फाडले. ऐकून त्याने दार लावून घेतलं तर तसंही कळव.

तुझा,
दत्तू


दादर,
८ जानेवारी २००७

दत्तू,

काल कुशाबाकडे गेलो होतो. तुझा निरोप जिभेवर घेऊन चार मजले चढलो आणि तो न देताच खाली उतरलो.

मी नुसतं म्हटलं, दत्तू येतोय, कार्यक्रमाआधी तुझ्याकडे येणार आहे. म्हातारा खुर्चीतून उठून उभाच राहिला. मला म्हणाला, "सिडनी, चूक माझी होती. त्याला न विचारता मी त्याच्या घरची भूक बाहेर सांगितली. तो सुटून आला आणि बोलेनासा झाला तेव्हाच मी ओळखलं की त्याला कळलंय. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. दोनदा गावी यायला निघालो होतो, पण कुठल्या तोंडाने येणार?"

दत्तू, त्याला माहीतच नाही. तू त्याला फितूर समजत होतास, हे त्याच्या स्वप्नातही नाही. त्याला वाटतं, तू अपमान झाला म्हणून रागावलास आणि तुझा राग खरा होता. एवढी वर्षं तो तुझ्याकडून शिक्षा भोगतोय आणि ती योग्य आहे असं मानतोय. मी कसं सांगू त्याला? माझ्याने नाही झालं. सांगायचं की नाही ते तू येऊन ठरव.

तो मला सोडायला जिन्यापर्यंत आला आणि कठड्याला धरून त्याने एकच विचारलं, "दत्तू आपणहून येतोय, म्हणजे त्याने मला माफ केलं ना रे?"

तो उत्तराची वाट बघतोय. लवकर कळव.

सिडनी